आहे काहीतरी

"त्या वॉशरवाल्या कंपनीचे थोडे घेऊन टाका," दातांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "आतली बातमी आहे." त्यांच्या मागे पाण्याचा बारीक फवारा सुरू होता आणि खुर्चीतला कोणी बिचारा आ वासून घशातल्या घशात हुंकारत होता. डॉक्टर एरवी फोनवर ओरडून बोलायचे. आज त्यांनी आवाज खाली आणला होता.

"आतली म्हणजे कुठून?" त्याने विचारलं. ऑर्डर घेणाऱ्याने असलं काही विचारायचं नसतं. किती घेऊ, कुठल्या भावाला घेऊ, एवढंच. पण डॉक्टर जुनं गिऱ्हाईक, आणि वॉशरवाल्या कंपनीचं नाव निघालं की अलीकडे त्याचे कान आपोआप टवकारायचे.

"बाजारातलाच एक माणूस आहे म्हणे. खांब म्हणतात त्याला. माझ्या एका पेशंटच्या साडूच्या ओळखीचा. फार बोलत नाही, पण बोलला की खरं होतं."

"आणि काय बोलला तो?"

"आहे काहीतरी," डॉक्टर म्हणाले. "एवढंच. पण शहाण्याला शब्दाचा मार."

त्याने ऑर्डर टाकली. खरं तर बोटांनीच टाकली; त्याचा त्यात फारसा हात नव्हता. सौदा झाल्याचं त्याने डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी आभार मानले, फवारा थांबला, फोन बंद झाला. मग तो खुर्चीत मागे टेकला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तळपायाला एकदम जमीन लागावी, दातावर दात आपटावा, तसं त्याला झालं. कारण खांब म्हणजे तोच होता.

हे नाव त्याला ह्याच खोलीत पडलं होतं. लांबट, खिडक्यांना निळा कागद चिकटवलेली, दिवसाही दिवे जळणारी खोली. दोन ओळींत टेबलं, प्रत्येक टेबलावर दोन पडदे आणि एक फोन. स्वतःचे मोबाइल सकाळी दाराशी एका खणात ठेवून यायचे आणि बाजार मिटल्यावर परत घ्यायचे, असा नियम. टेबलावरच्या फोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, त्यामुळे माणसं फोनवर एक बोलत आणि डोळ्यांनी दुसरं. इथे सगळे भाव बघत. वर जाणारी रेघ, खाली येणारी रेघ. तो एकटा रेघेकडे बघायचा नाही. त्याची नजर असायची पडद्याच्या तळाशी, जिथे दिवसागणिक उलाढालीचे खांब उभे राहतात, हिरवे नाहीतर तांबडे: आज किती शेअर हातचे गेले आणि किती हाती आले त्याची उंची. भाव म्हणजे छप्पर, तो नव्या माणसांना सांगायचा, आणि उलाढाल म्हणजे खांब. खांबाशिवाय छप्पर वर गेलं तर ते वाऱ्याने गेलंय, खाली येणारच. पण छप्पर जागच्या जागी आणि खाली खांब मात्र एकाएकी वाढलाय, तर समजा, कोणालातरी काहीतरी कळलंय. भाव खोटं बोलेल. भाव काय, दोघे मिळूनही हलवतील. पण गर्दी खोटी कशी असेल? असं सगळं सांगून झालं की तो पडद्यावर पेन्सिलीचं टोक टेकवून म्हणायचा, "आहे काहीतरी." पुष्कळदा ते खरं निघालं होतं. पुष्कळदा निघालं नव्हतंही, पण ते कोणी लक्षात ठेवत नाही. तो स्वतः तर नाहीच नाही.

समोरच्या टेबलावरची बाई त्याच्याहून वयाने लहान होती, पण जिभेने थोर. तिने एकदा त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि मग नखं साफ करत म्हणाली होती, "खांबसाहेब, एक विचारू? जेवढे घेणारे तेवढेच देणारे ना? एकाने घेतला म्हणजे दुसऱ्याने दिलाच की. मग खांब उंच म्हणजे नुसतं भांडण मोठं. कोण शहाणं आणि कोण खुळं, हे खांबावर कुठे लिहिलंय?" सगळे हसले होते. तोही हसला होता, आणि त्याने तिला समजावलं होतं की ते वाचता यावं लागतं, ती नजर असावी लागते. नजर. आता त्याने त्याच नजरेने वॉशरवाल्या कंपनीचा पडदा उघडला आणि खांब एकेक करून बघायला लागला, आणि पहिल्यांदाच त्याला त्यांत माणसं दिसायला लागली.

हा पहिला. काही महिन्यांपूर्वीचा. रबरी वॉशर करणारी ही फुटकळ कंपनी, शेअरला कुत्रं विचारत नव्हतं, आणि एके दिवशी मध्येच हा खांब. तो त्या संध्याकाळी ताईकडे जेवायला गेला होता. तिथे ताईच्या छापखान्यातले जुने सहकारी आले होते. तोंडात घास असताना तो म्हणाला होता, बघा बुवा, आहे काहीतरी. बस्स. इतकंच. पुढच्या आठवड्यात हे दोन खांब, पहिल्यापेक्षा उंच: म्हणजे छापखान्यातला बाइंडर आणि त्याचे भाऊ. हे बघून तो खूश झाला होता, आणि त्याने चुलत भावाला सांगितलं होतं. हा तिसरा खांब म्हणजे चुलत भाऊ, भावाचं ऑफिस, भावाचा साडू. त्यावर तर त्याने खात्रीच धरली होती: माल मजबूत हातांत जातोय. मजबूत हात! मग हे एका रांगेत उभे असलेले पाच, ज्यांवर त्याने पेन्सिलीने टिचकी मारून अख्ख्या खोलीला दाखवलं होतं. ते कोण? साडूच्या ओळखीचे आणि त्यांच्याही ओळखीचे असणार, आणि आज त्यांत साडूचा दंतवैद्य. तो गर्दीकडे बोट दाखवत होता, आणि बोट बघून गर्दी वाढत होती, आणि वाढलेली गर्दी बघून त्याचं बोट आणखी ताठ होत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. डॉक्टरांची आठवण होऊन त्याला हसू फुटलं.

आणि देणारा? एवढ्या सगळ्यांनी घेतले, तर दिले कोणी? गेले कित्येक दिवस खांब उंच होते, पण भाव जागचा हलत नव्हता. हे त्याला दिसत होतं. त्याच्याच शिकवणीप्रमाणे ह्याचे दोन अर्थ होतात: एक, कोणीतरी मोठा माणूस गुपचूप गोळा करतोय, दोन, कोणीतरी मोठा माणूस गुपचूप उतरवतोय. खांब तोच. उंची तीच. त्याने पहिला अर्थ घेतला होता, कारण त्याला पहिला हवा होता. इतकी वर्षं तो ज्याला वाचणं म्हणत आला ते हेच होतं का? तो कोणी मोठा माणूस ह्या घटकेला कुठेतरी बसून शांतपणे बाइंडरला देत होता, चुलत भावाला देत होता, डॉक्टरांना देत होता. आणि ताईला. सगळ्यांत जास्त ताईलाच.

ताईचे पैसे म्हणजे घराचे पैसे होते. आईवडिलांचं घर विकून आलेले, आणि त्याने आपला वाटा न घेता तिच्याकडे राहू दिलेले; कारण लग्न न करता ती त्या दोघांपाशी राहिली, त्यांची दुखणी तिने काढली, आणि त्याही आधी त्याला तिनेच वाढवलं होतं. तिचे गुडघे गेले होते. आता ती भाड्याच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर राहत होती आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत तिची दोन खोल्यांची जागा तयार होत आली होती. शेवटचा हप्ता ह्या महिनाअखेरीला द्यायचा होता. तोवर पैसे बँकेत नुसते कशाला कुजवायचे, असं तो म्हणाला होता. ती म्हणाली होती, "तुला कळतं त्यातलं. तू म्हणशील तसं." जन्मभर तिने छापखान्यात मुद्रितं तपासली, कुठे ध चा मा झाला तर तो तिला पानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. लेखकांना, प्राध्यापकांना ती पेन्सिलीने खुणा करून कागद परत पाठवायची. फक्त धाकट्या भावाचं बोलणं तिने कधी तपासलं नाही. त्याने तिच्या मोबाइलवर सगळं बसवून दिलं होतं, खांब कसे बघायचे ते शिकवलं होतं, आणि ती चष्मा कपाळावर सरकवून कौतुकाने बघायची.

त्याला गर्दी आठवली. आठवली म्हणजे ती कधी गेलीच नव्हती. पडद्याच्या तळाशी खांब वाढला की दर वेळी ती कुठेतरी आत हलायची. तो अगदी लहान होता. बाबा त्याला आणि ताईला घेऊन कुठूनसे चालत येत होते आणि रस्त्याच्या कडेला माणसांचा घोळका होता. नुसत्या पाठी, कोट, पिशव्या, घामाचा आणि ओल्या लोकरीचा वास. बाबा दोघांचे हात धरून आत शिरले. त्याच्या डोळ्यांसमोर पाठींशिवाय काही नव्हतं. त्याचा जीव गुदमरला, आणि तरी त्याला बाहेर यायचं नव्हतं, कारण एवढी माणसं जिथे बघतायत तिथे काहीतरी केवढं मोठं असणार. बाबा बराच वेळ टाचा उंचावून उभे होते. मग ते मागे फिरले. बाहेर पडताना नुकत्याच आलेल्या एकाने बाबांना विचारलं, काय आहे हो? बाबा म्हणाले, "आहे काहीतरी." आणि तो माणूस घाईने आत घुसला. घरी जाताना त्याने ताईला हळूच विचारलं होतं, काय होतं ग? ताई उंच होती. ती म्हणाली होती, "होतं. मला दिसलं. तू मोठा झालास की तुलाही दिसेल."

तो सावरून बसला. बाजार मिटायला अजून बराच वेळ होता. ताईचे शेअर काढायचे, आज, आत्ता, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात उरली. पण एकदम विकायला काढले तर भाव कोसळेल. थोडे थोडे काढायला हवेत, आणि थोडे थोडे तरी कोणाला? घेणारं कोणी हवं. घेणारे होते: त्याने स्वतःच जमवलेले. डॉक्टरांना आत्ता उलट फोन करून सांगता आलं असतं, साहेब, तो खांब म्हणजे मीच, आणि तिथे काही नाही. पण फोन ध्वनिमुद्रित होत होता. ही सबब आयती मिळाल्याचं त्याला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं ह्याची लगेच लाजही वाटली. लाज वाटत असतानाच त्याने ताईच्या खात्याचा आकडा घातला आणि विक्रीची पहिली ऑर्डर टाकली.

ती गेली. चुटकीसरशी गेली. त्याने दुसरी टाकली, तीही गेली. भाव किंचित खाली यायचा आणि परत वर सरकायचा. कोणीतरी खालून सारखं उचलत होतं, जणू वाटच बघत होतं. तो टाकत राहिला. आणि पडद्याच्या तळाशी आजचा खांब वाढायला लागला. तो त्याच्याच विक्रीने वाढत होता, हे त्याला माहीत होतं. तरी तो उंचावताना बघून त्याच्या मानेवर जुना काटा आलाच. खोलीत कुजबुज झाली. त्याच्या टेबलावरचा फोन वाजला: चुलत भाऊ. "अरे, बघतोयस ना? आज काय चाललंय काय! अजून घेऊ?" तो म्हणाला, "हं." ते हो नव्हतं. नाहीही नव्हतं. कोणी विचारलं असतं तर त्याला शपथेवर सांगता आलं असतं की आपण काही बोललोच नाही. परत डॉक्टर: आज दाढ काढून झाली होती, आवाज मोकळा होता. "खांब माणूस खरा निघाला हो!" पुन्हा हं. प्रत्येक हं च्या मागोमाग तो ताईचे थोडे सोडत होता आणि ते थोडे कोणाच्यातरी ओंजळीत पडत होते. मधल्या वेळेत समोरची बाई उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. खांबाकडे बघत, जन्मात पहिल्यांदा थट्टा न करता, ती म्हणाली, "मीही घेऊ का थोडे? आईच्या खात्यात पडून आहेत पैसे." तो काहीच बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा तिने हवा तो अर्थ घेतला आणि ती आपल्या टेबलाकडे वळली. तिचे गुळगुळीत विंचरलेले केस त्याला पाठमोरे दिसत होते. थांब म्हणायला काय लागतं? एक शब्द. आणि त्याच्याकडे अजून ताईचे थोडे शिल्लक होते.

सगळ्यांत विचित्र होता तो खालून उचलणारा. इतर घेणारे चाचपडत येत. हा मात्र तो विकेल तसा, जवळजवळ तितक्याच मापाने, जरा थांबून, न चुकता घेत होता. कोण असेल हा खुळा? त्याला दया आली. मग थोड्या वेळाने दुसराच विचार आला, चोरपावलांनी, मांजर यावं तसा: इतक्या शिस्तीने घेणारा खुळा नसतो. त्याला काहीतरी ठाऊक असलं तर? आपण भलत्या भीतीने ताईच्या हातचं घालवत असलो तर? त्याने हात आखडला. शेवटचा तुकडा तसाच धरून तो खांबाकडे बघत राहिला, आणि इतकं सगळं कळूनही त्याच्या ओठांवर ते दोन शब्द येऊन थांबले होते. मग त्याने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

सगळे गेले. त्यानंतर बाजाराला फार वेळ उरला नव्हता, आणि त्या उरलेल्या वेळात भाव हळूच बसायला लागला, फारसा आवाज न करता, पाण्यात बुडणाऱ्या वहाणेसारखा. घेणाऱ्यांची बाजू विरळ झाली. शेवटी शेवटी तिथे कोणीच नव्हतं. एका बाजूला विकायला आलेल्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पडदा. समोरची बाई वळून त्याच्याकडे बघत होती. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. मोबाइलवरून केलेले गिऱ्हाइकांचे सौदे वेगळ्या खिडकीत दिसत, आणि दिवस संपताना ती एकदा बघून घ्यायची पद्धत होती. आज त्याने ती उघडली नाही. दिवसभर तो खांबाकडेच बघत होता, आणि आता त्याला कशाकडेच बघायचं नव्हतं. त्याने खणातून मोबाइल उचलला, बंदच खिशात टाकला आणि बाहेर पडला.

रस्त्यावर उजेड होता, ह्याचंच त्याला आश्चर्य वाटलं. दुकानांच्या काचा, बसथांब्यावरची माणसं, गटाराच्या झाकणावर उभा असलेला एक कुत्रा. उद्या डॉक्टर फोन करतील. बाइंडर करेल. समोरच्या बाईच्या आईने ते पैसे कशासाठी ठेवले असतील ते त्याने विचारलंही नव्हतं. आपण नीच आहोत, असं त्याने स्वतःला स्पष्ट सांगितलं, आणि ते ऐकून त्याच्या चालीत काही फरक पडला नाही. ताईची जागा वाचली होती. माणूस बुडताना सगळ्यांना धरून वर काढू शकत नाही, एकालाच काढतो, आणि ज्याने आपल्याला वाढवलं त्यालाच काढतो. ह्यात काय चुकलं? तो तीन मजले चढला. प्रत्येक वळणावर ताई ज्या कठड्याला धरून थांबायची, त्याच्यावरचा रंग तेवढ्याच जागी उडाला होता.

ताईने दार उघडलं. तिच्या गळ्यात शिंप्याची टेप होती. नव्या जागेच्या खिडक्यांची मापं कागदावर मांडून ती जुन्या पडद्यांतून नवे बेतत बसली होती. त्याला बघून ती हसली, लहान मुलाच्या वहीत चुका सापडल्यावर हसावं तशी.

"काय रे, आज किती चुका केल्यास?"

"कसल्या?"

"आधी बस. चहा टाकते." ती आतून बोलत राहिली. "सकाळपासून मोबाइल टिंग टिंग. बघते तर विकले. परत टिंग, परत विकले. म्हटलं, ह्याच्या बोटाखाली भलतंच बटण आलं की काय. तुला फोन केला तर तो बंद. तुमचा तो नियम मेला. टेबलावरचा तर सारखा गुंतलेला. मग म्हटलं, ओरडून काय उपयोग, आपणच बसावं."

त्याच्या हातात पडद्याचं कापड होतं. ते त्याने कधी उचललं ते त्याला कळलं नाही. "बसावं म्हणजे?"

"तू विकलेस की तेवढे मी परत घ्यायचे. विकल्याचे पैसे तिथेच दिसत होते की खात्यात. तूच शिकवलंयस ना सगळं? एकदा वाटलं, नसेल ह्याची चूक, मुद्दाम विकत असेल. पण मग खांब बघितला. अरे, केवढा खांब! इतका उंच मी आजवर बघितला नव्हता. आणि तू म्हणतोस ना, असा खांब आला की कोणी मागितले तरी सोडायचे नाहीत." ती दोन कप घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा फुलला होता, कष्टाचं काम वेळेवर हातावेगळं केलेल्या माणसाचा असतो तसा. "शेवटी तू जरा थांबलास. म्हटलं, आलं वाटतं ध्यानात. पण परत टिंग. तोही घेतला. एक सोडला नाही बघ. सगळं दुरुस्त केलं."

चहावर साय धरेपर्यंत तो कपाकडे बघत बसला. खालून उचलणारा तो हात त्याच्यासमोर टेपची सुरळी करत होता. हाताच्या मधल्या बोटाला पेन्सिलीचा जुना घट्टा होता. उद्या सकाळी बाजार उघडेल तेव्हा विकणाऱ्यांची रांग असेल आणि समोर पांढरा पडदा; आज जमवता येतील तेवढे सगळे घेणारे त्याने जमवले होते आणि संपवले होते. आता कोणालाही हं म्हणून भागणार नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "लहानपणी बाबा आपल्याला एका गर्दीत घेऊन गेले होते. आठवतं?"

"कुठल्या रे?"

"मी विचारलं होतं तुला, काय होतं. तू म्हणालीस, मला दिसलं."

ती आठवत राहिली. मग तिला आठवलं आणि ती खुदकन हसली. "अग बाई, ते होय! काही नव्हतं रे. एका माणसाची चप्पल तुटली होती. तो खाली बसून अंगठा शिवत होता, आणि सगळे आपले बघत उभे. मला दिसलं ना खाली वाकून, पायांमधून. पण तू इतका हिरमुसला होतास, म्हटलं, कशाला सांगा." तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका हुडकलेले तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू, ओळीओळीने फिरले आणि एका ठिकाणी थांबले.

"का रे?" तिने विचारलं. "ह्यात तरी आहे ना काहीतरी?"

खिडकीच्या मापांचा कागद पंख्याच्या वाऱ्याने टेबलावर हलत होता. त्याने तो कपाखाली नीट दाबून ठेवला.

"आहे," तो म्हणाला.